समुद्रातला सेल्सटॅक्स

पहिलंच सांगून टाकतो, मी दारू पीत नाही. आयुष्याचा बराच काळ दारू ओतली, हलवली, बर्फात घातली, लिंबाची चकती लावून लोकांपुढे ठेवली, पण जिभेला लावली नाही. हे कोणाला पटत नाही. मंगरूळपीरच्या स्टँडवर चहा पिताना एकानं मला तोंडावर विचारलं, "भाऊ, हलवायाच्या दुकानात एवढी वर्सं बसले अन् जिलबी नाई खाल्ली म्हंता?" मी म्हटलं, नाही खाल्ली. त्यानं चहाचा कप ठेवला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. खोटारड्याच्या शेजारी कोण बसेल?

तर मी क्रूझवर बारमध्ये होतो. क्रूझ म्हणजे पर्यटकांचं जहाज. त्यात माल नसतो, माणसंच असतात आणि ती सकाळपासून तहानलेली असतात. आमचं जहाज अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका बंदरातून सुटायचं आणि आठवडाभर समुद्रात फिरून तिथंच परत यायचं. वाशिम जिल्ह्यातला, रिठदच्या बाजूच्या खेड्यातला माणूस तिथं कसा पोचला ते सांगत बसत नाही. त्यात हॉटेलची पदविका आहे, मुंबईचा एक एजंट आहे आणि बरीच रडारड आहे. दिवाळीच्या दिवसांत कशाला ते?

लोकांना वाटतं, बारवाल्याला काय काम? ओतायचं आणि हसायचं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम ओतण्याचं नव्हतंच. ते होतं टॅक्स समजावून सांगण्याचं.

ते असं. जहाज भर समुद्रात गेलं की त्याच्यावर कोण्या राज्याचा विक्रीकर चालत नाही. पण ते धक्क्याला बांधलेलं असेल, नाहीतर किनाऱ्याच्या ठरलेल्या हद्दीत असेल, तर ते राज्य म्हणतं, आमच्या पाण्यात बसून पिताय ना, मग आमचा कर ठेवा खाली. इथवर कोणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. बहुतेक पाहुण्यांनी घरूनच 'पॅकेज' घेतलेलं असतं. एकदा पैसे भरायचे आणि आठवडाभर पाहिजे ते प्यायचं. त्यांच्या मनात ते फुकटच. पहिल्या दिवशी जहाज सुटायच्या आधी डेकवर गाणी चालू असतात, माणूस रंगीत टोपी घालून पहिला पेला हातात घेतो, आणि मी त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवतो. पेयाची किंमत शून्य आणि खाली टॅक्स!

रक्कम किती? चिल्लर. पण फुकटच्या वस्तूवर लागलेली चिल्लर माणसाला जेवढी झोंबते तेवढी मोठी रक्कमसुद्धा झोंबत नाही. चांगली शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं लालबुंद व्हायची. एक बाई तर म्हणाली, मी पेला हातात धरते, हद्द गेल्यावर पिते, मग टॅक्स कसा? मी म्हटलं, बाई, टॅक्स विकण्यावर आहे, पिण्यावर नाही. ती म्हणाली, मग तू मला तो आत्ता देऊच नकोस, नुसता दाखव. मी तिचा पेला फळीवर ठेवला. जहाज हद्दीबाहेर जाईस्तोवर ती बाई त्या पेल्याकडे बघत उभी होती.

आमच्या गल्ल्याच्या मशीनला हद्द कळायची. वरून, जहाज चालवणाऱ्यांकडून खबर यायची आणि टॅक्स बंद व्हायचा. तेवढा वेळ सगळ्या शिव्या माझ्या. आमचा मॅनेजर रामोन फिलिपिन्सचा, मोठा हुशार माणूस. कोणी आवाज चढवला की तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "हा टॅक्सचा माणूस आहे, याला विचारा." मी बिनपगारी टॅक्सचा माणूस झालो तो असा.

त्या काळातलं माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे वॉल्टर. टेक्सासमधला म्हातारा, गुरं पाळणारा, दरवर्षी एकदा यायचाच. जहाज सुटायच्या आधीच तो माझ्या काउंटरवर येऊन बसायचा, हॅट बाजूच्या स्टुलावर ठेवायचा आणि काहीच मागायचा नाही. फोनवर नकाशा उघडून जहाजाचा ठिपका बघत राहायचा. दर थोड्या वेळानं विचारायचा, "झालं?" मी म्हणायचो, "अजून नाही." टॅक्स बंद झाल्याची मान मी हलवली की तो एक बिअर मागायचा. वाचवलेल्या टॅक्सच्या कित्येक पट मला टिप द्यायचा! मी एकदा विचारलंच, बाबा, हा हिशेब कोणता? तो म्हणाला, "तुला मी देतो. ते माझ्याकडून घेतात. फरक आहे."

वॉल्टरला असं बसलेलं पाहिलं की मला आमच्या गावाच्या बाहेरचा नाला आठवायचा. त्या नाल्याचं कारण माझी माय.

माझी माय पंचफुलाबाई. शाळेत गेली नाही, पण विहारातली वंदना कोणी चुकीची म्हटली तर मध्येच थांबवते. पंचशील नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं, हे तिचं म्हणणं, आणि त्यातलं दारूचं शील तर ती दुसऱ्यांकडूनही पाळून घेते. आमच्या गावात दारूचं दुकान होतं. मायनं घरोघर फिरून बाया गोळा केल्या, अर्ज केले, आणि गावात बायांचं मतदान लागलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान पाहिजे तर उभीवर शिक्का, बंद पाहिजे तर आडवीवर. मायचा प्रचार म्हणजे एकच वाक्य. "आडवी करा वं बायाहो, आडवी करा!" बाटली आडवी झाली. निकालाच्या दिवशी माय पहिल्यांदा मिरवणुकीत नाचली, असं सगळे सांगतात. ती मात्र म्हणते, "नाचलो नाई. पायात काटा गेल्ता."

दुकानवाला हुशार निघाला. गावाची हद्द नाल्यापाशी संपते. त्यानं नाल्यापलीकडे टपरी टाकली. गावातले लोक संध्याकाळी चपला हातात घेऊन नाला ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन बसायचे. माय अलीकडच्या काठावर उभी राहून एकेकाचं नाव घेऊन हाका मारायची. शेवटी लाजेनं गिऱ्हाईकं आटली आणि टपरी उठली. जाताना त्या दुकानवाल्याच्या बायकोनं मायला चहाला बोलावलं होतं. माय गेली, पण ओट्यावर चढली नाही. म्हणाली, "तुह्यासंग माहं भांडन नाई बाई. पण दारूच्या पैशाच्या सावलीत मी बसत नाई."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल माझं काय झालं असेल ते. माझ्या पगारातून गावात आमचं घर झालं. टिनाची जुनी खोली तशीच ठेवली, ती बाबांनी त्यांच्या मजुरीतून बांधली होती, आणि तिला लागून स्लॅबच्या नव्या खोल्या काढल्या. पुढे मोठा हॉल, हॉलमध्ये टीव्ही आणि डेझर्ट कूलर. वऱ्हाडात उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. माय त्या कूलरपुढे खाट टाकून झोपायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरानं आनला."

पोरगा काय करतो, हे मात्र तिला माहीत नव्हतं. याचं श्रेय दौलतमामाला. मामा म्हणजे मायचा भाऊ, राहतो मानोऱ्याला, पण तोंड सगळ्या जिल्ह्यात फिरतं. पहिल्या वर्षी त्यानं फोनवर विचारलं, "तिथं नेमकं काम काय हाये तुले?" त्या दिवशी मी टॅक्सवरून इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की माझ्या तोंडून निघालं, "मामा, दिवसभर लोकांकडून सेल्सटॅक्स घेत बसलो." मामानं पुढचं ऐकलंच नाही. आठवड्यात गावभर झालं की पंचफुलाबाईचा मिलिंद समुद्रातल्या सेल्सटॅक्समध्ये साहेब आहे. मामा लोकांना समजावून सांगायचा, "जमिनीवरचा सेल्सटॅक्स येगळा, पान्यातला येगळा. पान्यातली परीक्षा कडक असते!"

मी दुरुस्त करायला गेलो नाही असं नाही. घरी आलो तेव्हा मायला म्हटलं, "माय, मी साहेब-बिहेब नाही." ती म्हणाली, "असंच बोलाव मानसानं. गर्व नाई पाह्यजे." माझी बायको संगीता हिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "तुमी तं जाता जहाजावर. मले त्यायच्या चुलीसमोर रोज उभं राहा लागते. सांगाचं असन तं तुमी सांगा, माहं नाव घेऊ नका." मग राहूनच गेलं. माय फोनवर विचारायची, "आता हद्दीत हायेस का बाहेर?" मी हद्दीत म्हटलं की खूश व्हायची. हद्दीत म्हणजे टॅक्स चालू, म्हणजे पोरगा कामावर.

एकदा टेक्सासच्या त्या बंदरात, नेहमीच्या गोंधळात, एक पोट सुटलेले, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ काउंटरवर आले. सोबत मुलगी. ती अमेरिकेत राहणारी, वडिलांना फिरायला घेऊन आलेली. गृहस्थांनी लिंबू सोडा मागितला. मी दिला, चिठ्ठी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, चिठ्ठी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली आणि मुलीला म्हणाले, "याले विचार, कोण्या कलमाखाली?"

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना."

"राहू कसं द्याव? पॅकेज घेतलं म्हंजे विक्री झाली. पुन्हा कर कायचा? कलम विचार त्याले."

मागे रांग वाढलेली, रामोन माझ्याकडे बोट दाखवून पसार झालेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता काय करू बाप्पा या मानसाले!"

गृहस्थांचा सोडा हातातच राहिला. "कोण्या गावचा बे तू?"

ते होते गावंडे साहेब. मंगरूळपीरचे, शहराजवळ त्यांची भाजीपाल्याची वाडी, आणि निवृत्त कशातून? विक्रीकर खात्यातून! निरीक्षक होते. आता सगळीकडे जीएसटी आला, पण साहेबांच्या लेखी जीएसटी म्हणजे पोरखेळ, खरा कर तो विक्रीकर. त्यांच्या वाडीतली वांगी आमच्या बाजाराला यायची, आणि माझ्या मायला जिल्ह्यात कोण ओळखत नाही? "पंचफुलाबाईचा पोरगा? तो तं सेल्सटॅक्समधी हाये म्हंतात!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बो टायकडे पाहिलं, मागच्या फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाले.

मी हात जोडले. "साहेब, मायले सांगू नका जी. ते घर सोडून जाईन."

साहेबांनी सोडा संपवून पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मी आपून होऊन सांगत नाई. पण एक गोठ ध्यानात ठेव. मले कोनी इचारलं तं मी खोटं बोलत नाई. नोकरीभर बोललो नाई."

मी म्हटलं, तुम्हाला कोण विचारणार?

पण साहेब तिथून हलले नाहीत. टॅक्सचं प्रकरण एकदा नीट समजल्यावर त्यांना चेव आला. ते काउंटरच्या कोपऱ्यावर उभे राहिले आणि जो कोणी चिठ्ठीवरून कुरकुर करेल त्याला आपल्या इंग्रजीत सांगू लागले, "नो अर्ग्युमेंट! टेरिटरी इज टेरिटरी!" टेक्सासची उंच उंच माणसं खाली मान घालून सही करत होती. माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्या दिवसाची तेवढी शांत दुपार दुसरी झाली नाही. त्या खेपेला वॉल्टरही होता, हॅट ठेवून, ठिपका बघत. तो असा का बसला आहे हे मी साहेबांना सांगितलं. साहेब खूश. "बुढा पक्का हाये. कायदा मोडून नाई राह्यला, ओलांडून राह्यला." दोघं शेजारी बसून हद्दीची वाट बघू लागले. एकमेकांचं इंग्रजी दोघांनाही कळत नव्हतं, तरी टॅक्स बंद झाला तेव्हा दोघांनी हात मिळवले.

त्यानंतरच्या एका खेपेला वादळ लागलं. वादळाचा इशारा आला की बारमध्ये पहिलं काम बाटल्यांचं. जहाज डोलायला लागलं की उभ्या बाटल्या पडतात, फुटतात, काचा होतात. म्हणून सगळ्या फळीवरून काढायच्या आणि टॉवेल अंथरून आडव्या ठेवायच्या. काम उरकलं तेव्हा काउंटरभर आडव्या बाटल्यांच्या रांगा, आणि मागे मी, काळं जॅकेट, बो टाय, दमलेला चेहरा. रामोननं फोटो काढला. मी तो, मूर्ख माणूस, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आजची मोहीम फत्ते.'

दुसऱ्या दिवशी फोन उघडतो तर अभिनंदनाचे इतके संदेश की वाचता वाचता जेवणाची सुट्टी संपली. गावात तो फोटो पहिल्यांदा दारूबंदीच्या बायांनी पाहिला. आमच्या गावच्या कोण्याही बाईला विचारा, आडवी बाटली म्हणजे काय? एकच अर्थ. सेल्सटॅक्सच्या साहेबानं जहाजावर धाड टाकली आणि बाटली आडवी केली! मायचा फोन आला. "मिलिन," म्हणाली, "म्या गावातली केली, तू समुद्रातली केली रे बापा." माझी माय कधी रडत नाही. ती रडत होती. मला तेव्हा बोलायला पाहिजे होतं, पण जहाजही हालत होतं आणि मीही.

सुट्टीत घरी आलो तो ऐन उन्हाळ्यात. समाजमंदिरासमोर मंडप. मंडपाच्या तोंडाशी भलं मोठं बॅनर, त्यावर बाटल्यांसकट मी, आणि अक्षरं: 'समुद्रात बाटली आडवी करणारे गावचे सुपुत्र'. मी मागे वळलो. संगीता कानाशी म्हणाली, "आता पळू नका. हार आनले हायेत." आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुणे कोण? खात्यातला माणूस पाहिजे म्हणून दौलतमामानं मंगरूळपीरहून शोधून आणलेले गावंडे साहेब! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि नजर छताकडे लावली.

साहेब बोलायला उठले. फार जपून बोलले. म्हणाले, "मी याले कामावर पाह्यलं हाये. अमेरिकेची मोठमोठी मानसं समोर होती, पण या पोट्ट्यानं टॅक्सचा एक पैसा सोडला नाई." टाळ्या. "हद्द म्हंजे हद्द. याले हद्द समजते." पुन्हा टाळ्या. मी घाम पुसला. साहेब बसायला निघाले, वाचलो असं वाटलं. तेवढ्यात मायनं हात वर केला.

"साहेब, एक इचारतो," ती म्हणाली. तिला ते नुसतं लोकांना ऐकवायचं होतं, बाकी काही नाही. "हे टॅक्स नेमका कायच्यावर घेतेत? कापडावर का भांड्यायवर?"

साहेब उभेच राहिले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी मनात म्हणालो, म्हणा साहेब, कापडावर म्हणा, काय बिघडतं? पण सारी नोकरी बिलावरचं मालाचं वर्णन तपासण्यात गेलेला माणूस. त्याच्याकडून ते होईना.

"जास्ती करून दारूवर, बाई," साहेब म्हणाले.

माय माझ्याकडे वळली. "टॅक्स घेतोस का दारू देतोस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"आधी काय देतोस?"

"आधी दारू."

ती बॅनरकडे बघत राहिली. "मंग थ्या बाटल्या? आडव्या काहून केल्या?"

"वादळ होतं माय. उभ्या राहिल्या असत्या तर फुटल्या असत्या."

"म्हंजे," माय सावकाश म्हणाली, "तू त्यायले वाचोलं."

कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. माय उठली, पदर सावरला, सगळ्यांना म्हणाली, "चहा घेऊन जाजा. केला हाये तं वाया नका घालू." आणि घरी गेली. हार माझ्या गळ्यात तसाच.

घरी पोचलो तोवर तिची खाट हॉलमधून टिनाच्या खोलीत गेली होती. रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त जुन्या खोलीच्या उंबरठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे माही हद्द. तुह्या बापानं बांधलेली. तिकडची तुही."

आणि तिनं ती पाळली. आपली चूल तिनं पुन्हा मांडली. शेतातली भाजी, शेतातली तूर, दारातल्या म्हशीचं दूध, तेवढ्यावर तिचं चालायचं. मी उंबरठ्यापलीकडे बसून बोललो तर बोलायची, आजारपाजार विचारायची, पण आमच्या ताटातला घास घ्यायची नाही. टीव्ही मात्र तिला हवा असायचा. मग ती आपल्या खोलीत, उंबरठ्याच्या अगदी आत बसायची आणि दार उघडं ठेवून हॉलमधला टीव्ही बघायची. संगीता म्हणाली, "आत्या, हे चालते का?" माय म्हणाली, "टीव्ही त्याचा हाये. पाह्यनं माहं हाये."

टिनाच्या खोलीत दुपारी भाकरी ठेवली तर कडक होते. माझ्या जिवाला लागून राहिलं. एक दिवस मी हळूच कूलरचं तोंड तिच्या दाराकडे वळवलं. थोड्या वेळानं पाहतो तर मायनं खाट ओढून कोपऱ्यात नेलेली. म्हणाली, "वारा बी हद्दीबाहेरचा हाये." मी हसलो, आणि बाहेर ओट्यावर येऊन रडलो. एवढा मोठा माणूस, ओट्यावर बसून रडलो, गल्लीतून जाणाऱ्यांनी पाहिलं तरी लाज वाटली नाही.

पुढच्या खेपेला जहाजावर चढलो ते थेट रामोनच्या टेबलाशी. म्हटलं, मला बारमधून काढ, कॉफीच्या काउंटरवर घाल. त्याला वाटलं मी आजारी आहे. कॉफीवर टिप कसली? लोक कॉफी पिऊन उदार होत नाहीत. तो म्हणाला, एवढा अनुभवी माणूस दूध फेसवणार? मी त्याला मायची गोष्ट सांगितली. त्याचीही आई गावाकडे होती. त्यानं कागद पुढे पाठवले.

पगार उतरला, हे लपवत नाही. पोरीच्या कॉलेजची फी भरताना आजही मला बारचे दिवस आठवतात. टॅक्सनं मात्र पिच्छा सोडला नाही. बंदरात कॉफीवरही चिठ्ठी निघायचीच आणि शिव्या चालूच. वॉल्टर आला तेव्हा बारमध्ये मला शोधून, हॅट हातात घेऊन कॉफीच्या काउंटरवर आला. जहाज अजून बांधलेलंच होतं. मी म्हटलं, "बाबा, अजून हद्द आहे, थांब." त्यानं बार सोडल्याचं कारण विचारलं. मी सांगितलं. तो फोनवरचा नकाशा बंद करून म्हणाला, "दे कॉफी. लाव टॅक्स." चिठ्ठीवर सही करताना त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता, पण त्यानं केली.

घरी आलो तेव्हा पुन्हा उन्हाळा. हॉलमध्ये कूलर फडकं टाकून बंद. संगीता म्हणाली, "त्या तिकडं उकडतेत, मंग मी एकटीच कशी लावू?" मी बॅग ठेवली आणि उंबरठ्यापाशी उभा राहिलो. मायनं वर पाहिलं. वाळली होती. मी म्हटलं, "माय, आत येऊ?"

"तुले कधी नाई म्हनलं? तुहा पैसा नाई म्हनलं."

मी आत गेलो. तिच्या चुलीवर, तिच्या पातेल्यात, तिच्या म्हशीच्या दुधाची कॉफी केली. मशीन नव्हतं, म्हणून दोन लोट्यांतून उंचावरून ओतून फेस आणला. लोटा पुढे करून म्हटलं, "माय, बार सोडला. आता मी हे देतो." मायनं आधी वास घेतला. मग एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाये," ती म्हणाली. "हे इकत घेतेत लोकं?"

"रांगा लावून."

"हे पिऊन मानूस पडत नाई?"

"नाही माय. झोप येत नाही, एवढंच."

"अन् आता तू हेच देतोस? दुसरं काई नाई?"

"हेच. याच्यावरही टॅक्स हाये, हद्दीत."

"घेत जाय," माय म्हणाली. "सोडू नको कोनाले."

तिनं कडू कडू म्हणत सगळी कॉफी संपवली, लोटा उपडा करून ठेवला. मग उठली, खाटेवरची उशी काखेत मारली आणि उंबरठा ओलांडून हॉलमध्ये गेली. मी मागे उभाच होतो.

"पाह्यतं काय असा?" ती म्हणाली. "कूलर लाव. दोन उन्हाळे झाले, मले उकडून राह्यलं."